अभ्यासमंडळांतून उभी राहिलेली गावे
(अँटिगोनिश चळवळीचा इतिहास)

गेल्या वर्षीची गोष्ट. एका पतसंस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला निमंत्रित म्हणून मी व्यासपीठावर बसलो होतो. सभागृह भरलेले होते. अहवालाचे वाचन झाले, ताळेबंद मंजूर झाला, लाभांशाचा दर जाहीर होताच टाळ्या पडल्या. एवढ्यात मागच्या रांगेतून एक वयस्क कोळीण उठली आणि तिने विचारले, "साहेब, हे अनुत्पादित कर्ज म्हणजे काय?" सभागृहात हशा पिकला. व्यासपीठावरून उत्तर आले, "बाय, तुम्ही सोमवारी ऑफिसात या, तिथे समजावून सांगू." ती खाली बसली. पुढचा विषय पुकारला गेला. थोड्या वेळाने भेटवस्तूंच्या पिशव्यांचे वाटप सुरू झाले आणि सभा केव्हा संपली हे कोणाच्या ध्यानीही आले नाही.

हसणाऱ्यांत मीही होतो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. घरी परतल्यावर मात्र तो प्रश्न माझी पाठ सोडीना. ती बाई त्या संस्थेची सभासद, म्हणजे संस्थेची मालकीण. आपल्या पैशाचे काय झाले एवढेच तिने विचारले होते. ज्या संस्थेत मालकाने प्रश्न विचारला की हसू येते, त्या संस्थेचे भवितव्य काय? या अस्वस्थतेत मला सेमिनरीच्या दिवसांत ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीच्या तासाला ऐकलेले एक नाव आठवले : अँटिगोनिश. तेव्हा परीक्षेपुरते पाठ केलेल्या त्या नावामागचा इतिहास मी नव्याने वाचू लागलो. तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटले, कारण त्यातील माणसे आपल्यासारखीच आहेत : मासेमारी करणारी, तुटपुंज्या जमिनीत राबणारी, सावकाराच्या वहीत नाव असलेली.

दर्याकाठचे दारिद्र्य

कॅनडाच्या पूर्व टोकाला अटलांटिक महासागरात शिरलेला नोव्हा स्कोशिया हा प्रांत आहे. त्याच्या पूर्व भागात आणि लगतच्या केप ब्रेटन बेटावर स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातून आलेले गेलिक भाषक, अकेडियन म्हणून ओळखले जाणारे फ्रेंच भाषक आणि आयरिश अशी सरमिसळ वस्ती होती. त्यांत कॅथॉलिकांची संख्या मोठी. हिवाळा लांब, जमीन खडकाळ. पोट भरायचे ते समुद्रावर, थोड्याफार शेतीवर किंवा कोळशाच्या खाणीत.

मच्छीमाराचे अर्थशास्त्र आपल्या किनाऱ्यावरच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. हंगामापूर्वी व्यापारी जाळी, दोर, मीठ, पीठ उधार देई. हंगामात पकडलेला कॉड आणि शेवंड त्याच्याच वखारीत उतरवायचे. मासळीचा भाव तो ठरवी आणि उधार दिलेल्या मालाचा भावही तोच ठरवी. वर्षाअखेर हिशेब झाला की बहुतेकांच्या हाती रोख पैसा येतच नसे. येई ती पुढच्या वर्षाची उधारी. अनेक मच्छीमारांची हयात अशा रीतीने वहीतच सरली.

खाणकामगाराची स्थिती याहून वेगळी नव्हती. घर कंपनीचे, दुकान कंपनीचे. भाडे आणि उधारी पगारातूनच कापली जाई. १९२५ च्या संपाच्या सुमारास कंपनीने दुकानांतील उधारी बंद केली. त्याच वर्षी ११ जूनला न्यू वॉटरफर्ड येथे कंपनीच्या पोलिसांनी केलेल्या गोळीबारात विल्यम डेव्हिस हा खाणकामगार मारला गेला आणि संतापलेल्या लोकांनी कंपनीची दुकाने लुटून जाळली. ज्यांना जाणे शक्य होते ते तरुण केव्हाच बॉस्टनकडे निघून गेले होते. गावोगावी बंद घरांची संख्या वाढत होती.

या मुलखात अँटिगोनिश नावाचे एक छोटे नगर होते. तेथे धर्मप्रांताचे कॅथीड्रल होते आणि १८५३ मध्ये आरिशा येथे सुरू होऊन दोन वर्षांनी अँटिगोनिशला आलेले सेंट फ्रान्सिस झेवियर महाविद्यालय होते. १८६६ साली त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. गावोगावच्या हुशार मुलांना येथे शिक्षण मिळे. मात्र शिकलेला मुलगा सहसा गावी परतत नसे.

लहान चणीचा अस्वस्थ माणूस

फादर जेम्स टॉम्पकिन्स यांचा जन्म १८७० साली केप ब्रेटनमधील मार्गरी खोऱ्यात झाला. रोममध्ये धर्मशिक्षण घेऊन १९०२ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि पुढील वीस वर्षे त्यांनी सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठात काढली. त्यांतील बराच काळ ते उपप्रमुख होते. शरीराने किरकोळ, बोलण्यात तिखट आणि स्वभावाने अस्वस्थ. खिशात नेहमी वर्तमानपत्रांची कात्रणे आणि पुस्तिका. वाटेत भेटेल त्याच्या हाती त्यातील एखादे कात्रण ठेवायचे आणि पुढच्या भेटीत त्यावर त्याचे मत विचारायचे, ही त्यांची रीत.

विद्यापीठाने लोक आपल्या दारी येण्याची वाट पाहू नये, आपण लोकांच्या दारी जावे, हा त्यांचा आग्रह. 'लोकांसाठी ज्ञान' अशा अर्थाच्या शीर्षकाची एक पुस्तिका त्यांनी काढली आणि १९२१ च्या जानेवारीत विद्यापीठात 'लोकशाळा' भरवली. प्रवेशपरीक्षा नाही, शुल्क नाही. पन्नासएक शेतकरी व कामगार आले. त्यांत सतरा वर्षांचा मुलगा होता आणि पन्नाशी उलटलेला गृहस्थही होता. हिवाळ्यात शेतीची कामे थंडावलेली असताना सुमारे दोन महिने त्यांनी गणित, अर्थशास्त्र, शेतीविज्ञान असे विषय अभ्यासले.

पुढे एक वाद उद्भवला. प्रांतातील लहान विद्यापीठे एकत्र आणून हॅलिफॅक्स येथे एकच मोठे विद्यापीठ करावे, अशी योजना कार्नेगी कॉर्पोरेशनने मांडली. फादर टॉम्पकिन्स यांनी तिचा जोरदार पुरस्कार केला. महागुरुस्वामी जेम्स मॉरिसन यांचा तिला विरोध होता. १९२२ च्या अखेरीस बावन्न वर्षांच्या या प्राध्यापकाची बदली कॅन्सो या दूरच्या मच्छीमार बंदरातील धर्मग्रामात झाली. ही शिक्षाच होती, असे बहुतेकांनी मानले. फादरांनी बिनतक्रार पेटी उचलली. त्या बदलीनेच चळवळीला तिची भूमी मिळाली.

डोव्हरच्या शेळ्या आणि शेवंडाचा कारखाना

कॅन्सोमध्ये त्यांनी प्रथम काय केले? प्रवचनातून गरिबीवर टीका केली नाही, की मदतीचे गाठोडे वाटले नाही. ते धक्क्यावर जाऊन उभे राहू लागले. मासळीचा भाव काय मिळाला? तोच मासा बॉस्टनला कितीला विकला जातो? मधला पैसा कोणाकडे जातो? अशा प्रश्नांनी ते लोकांना भंडावून सोडीत आणि उत्तर आले नाही की वाचायला काहीतरी देत. काहींना त्यांचा त्रास वाटे. मात्र हळूहळू चार-सहा जण संध्याकाळी एकत्र बसू लागले.

कॅन्सोजवळच लिटल डोव्हर नावाची वाडी होती. खडकावर वसलेली, अत्यंत गरीब. गाय पोसण्याइतकीही माती तेथे नव्हती, त्यामुळे मुलांना दूध नसे. लोकांनी यावर विचार केला, माहिती मिळवली आणि शेळ्या आणल्या. गोष्ट लहानशी, परंतु आपला प्रश्न आपण ओळखला, अभ्यासला आणि सोडवला, हा अनुभव त्या वाडीला प्रथमच येत होता.

त्यापुढचा प्रश्न शेवंडाचा. स्वतः शेवंड डबाबंद केले तर व्यापाऱ्याला देण्याची गरज काय? हाती भांडवल नव्हते. पण जंगल होते आणि हात होते. पुरुषांनी हिवाळ्यात लाकूड तोडले, स्वतः इमारत उभारली. यंत्रसामग्रीसाठी थोडे कर्ज मिळवले. १९३० च्या सुमारास वाडीचा स्वतःचा कारखाना सुरू झाला. पाच भाकरी आणि दोन मासे यांचा प्रसंग वाचताना मला आता लिटल डोव्हर आठवते. प्रभूने शिष्यांना प्रथम पाठवले ते आपल्याजवळ काय आहे हे पाहून येण्यासाठी.

१ जुलै १९२७

दरम्यान एक सार्वजनिक घटना घडली. १ जुलै १९२७ रोजी कॅनडाच्या राज्यसंघाला साठ वर्षे पूर्ण झाली. देशभर मिरवणुका निघाल्या, भाषणे झाली. कॅन्सोच्या मच्छीमारांनी त्या दिवशी सभा भरवली आणि आम्ही कशाचा उत्सव करायचा, असा सवाल केला. वाफेवर चालणारे मोठे ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडून नेत होते, भाव कोसळले होते आणि लहान होडीवाल्याला वाली नव्हता. फादर टॉम्पकिन्स यांनी ही बातमी वर्तमानपत्रांपर्यंत जाईल याची काळजी घेतली. त्याच उन्हाळ्यात अँटिगोनिशला जमलेल्या धर्मप्रांतातील धर्मगुरूंनी मच्छीमारांची बाजू सरकारकडे मांडली.

परिणामी सरकारने न्यायमूर्ती मॅक्लीन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. आयोगापुढे साक्ष देणाऱ्यांत टॉम्पकिन्स यांचे नात्यातलेच एक धर्मगुरू होते, फादर मोझेस कोडी. जन्म १८८२, मार्गरीचाच. धिप्पाड देह, भारदस्त आवाज. टॉम्पकिन्स ठिणगी टाकणारे तर कोडी ती जपून चूल पेटवणारे. मच्छीमारांना संघटित करा, त्यांना शिकवा, सहकारी खरेदी-विक्रीची सोय करा, असे त्यांनी सांगितले. १९२८ च्या अहवालात आयोगाने सहकारी संस्थांची शिफारस केली. पुढे सरकारनेच फादर कोडी यांच्यावर मच्छीमारांच्या संघटनेचे काम सोपवले. किनाऱ्यावरची खेडी पालथी घालून त्यांनी गावोगावी शाखा स्थापन केल्या आणि १९३० साली 'युनायटेड मॅरिटाइम फिशरमेन' हा संघ जन्माला आला.

चुलीभोवतीचे विद्यापीठ

त्याआधी, १९२८ च्या अखेरीस, माजी विद्यार्थ्यांच्या आणि स्कॉटिश कॅथॉलिक सोसायटीच्या रेट्यामुळे विद्यापीठाने विस्तारसेवा विभाग स्थापन केला होता. संचालक फादर कोडी, साहाय्यक ए. बी. मॅक्डोनल्ड नावाचे शेतीतज्ज्ञ. या विभागाने घालून दिलेली पद्धत नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण सर्व चळवळीचे मर्म तिच्यात आहे.

प्रथम गावात जाहीर सभा. फादर कोडी बोलायला उभे राहिले की लोक भारावून जात. पण सभा झाली की घरोघर परतायचे, असे नव्हते. उठण्यापूर्वी पाच ते दहा जणांची अभ्यासमंडळे बनवायची आणि प्रत्येक मंडळाने आपला एक प्रमुख निवडायचा. मंडळ आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी स्वयंपाकघरात, चुलीच्या उबेला, दिव्याच्या उजेडात बसे. विभागाकडून पुस्तिका येत, पेट्यांतून पुस्तके येत. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची, बाकीचे ऐकत आणि मग चर्चा होई. चर्चेचा विषय अमूर्त नसे. आपल्या गावात वर्षाला किती पीठ विकत घेतले जाते? त्यावर दुकानदाराला किती सुटते? सगळ्यांनी मिळून एक वाघीण मागवली तर काय पडेल? महिन्यातून एकदा परिसरातील मंडळे एकत्र येत आणि अभ्यासातून निघालेला निष्कर्ष कृतीत कसा आणायचा हे ठरवीत.

पहिल्याच वर्षी, १९३०-३१ मध्ये, १७३ अभ्यासमंडळे आणि त्यांत १,३८४ सदस्य झाले. दशक संपता संपता मंडळांची संख्या हजारावर आणि सदस्यसंख्या दहा हजारांच्या घरात गेली. हे सारे घडले जागतिक मंदीच्या वर्षांत, ज्या वर्षांत माणसाने हातपाय गाळून बसावे अशीच परिस्थिती होती.

स्त्रियांचा वाटा यात मोठा होता. सेंट मार्था संघाच्या सिस्टर मारी मायकल यांनी विभागातील स्त्रियांचे काम आणि वाचनसाहित्याची बाजू सांभाळली. ईडा गॅलंट या तरुण कार्यकर्तीने केप ब्रेटनच्या खाणवस्त्यांत स्त्रियांची मंडळे बांधली. कुटुंबाचा खर्च, मुलांचा आहार, दुकानातील मालाची प्रत हे त्यांचे विषय. घरातला पैसा कोठे गळतो हे पुरुषांपेक्षा त्यांना अधिक ठाऊक होते.

येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. चळवळीची प्रेरणा 'रेरुम नोव्हारुम' या १८९१ च्या परिपत्रकातून आलेली असली, तरी तिचे दार सर्वांना खुले होते. सहकारी दुकानाच्या फळीवरील पीठ कॅथॉलिक नसते आणि प्रॉटेस्टंटही नसते, याचे भान चालकांना होते. केप ब्रेटनमध्ये युनायटेड चर्चचे पाळक नेल्सन मॅक्डोनल्ड यांनी पतसंस्था उभारण्यासाठी अपार कष्ट घेतले. त्या काळी एकमेकांच्या प्रार्थनामंदिराची पायरी न चढणारी माणसे अभ्यासमंडळात एका बाकावर बसली.

विरोधही झाला. धर्मगुरूने वेदी सांभाळावी, बाजारात लुडबूड करू नये, असे व्यापारी म्हणत. त्यांच्यापैकी कित्येकजण धर्मग्रामाचे देणगीदार होते, त्यामुळे काही धर्मगुरूंनाही ही चळवळ अडचणीची वाटे. दुसऱ्या बाजूला खाणवस्त्यांतील साम्यवादी कार्यकर्ते तिला मवाळ ठरवीत.

एका कल्पनेचा प्रवास

अभ्यासमंडळांना पहिले फळ बहुधा पतसंस्थेच्या रूपाने येई. १९३२ साली नोव्हा स्कोशियात पतसंस्थांचा कायदा झाला. त्यासाठी बॉस्टनहून रॉय बर्गेनग्रेन हे तज्ज्ञ येऊन मार्गदर्शन करून गेले. ब्रॉड कोव्ह आणि रिझर्व माइन्स येथील संस्था अगदी पहिल्यांपैकी. सभासद आठवड्याला चिल्लर नाणी भरीत. त्यातून जाळ्यासाठी, औषधपाण्यासाठी, बियाण्यासाठी लहान कर्जे दिली जात. ज्यांना आजवर कोणी विश्वासाने पैसा दिला नव्हता, ती माणसे एकमेकांना कर्ज मंजूर करू लागली.

या कल्पनेचा प्रवास मोठा मनोरंजक आहे. बर्गेनग्रेन यांना बळ देणारे बॉस्टनचे व्यापारी एडवर्ड फायलीन १९०७ साली जगप्रवासात हिंदुस्थानात आले होते. बंगालच्या खेड्यांत गुर्ले नावाच्या सनदी अधिकाऱ्याने चालवलेल्या सहकारी पतपेढ्या त्यांनी पाहिल्या. जर्मनीतील रायफायझन यांच्या नमुन्यावर आणि १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याखाली त्या निघाल्या होत्या. गरीब शेतकरी एकमेकांना जामीन राहून कर्ज घेतात आणि फेडतात, हे पाहून फायलीन प्रभावित झाले. क्यूबेकचे अल्फोन्स देजार्दँ यांचे साहाय्य घेऊन १९०९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये पतसंस्थेचा कायदा झाला. त्यामागे फायलीन यांचे प्रयत्न होते. म्हणजे अँटिगोनिशच्या मच्छीमाराच्या पतसंस्थेत बंगालच्या शेतकऱ्याच्या अनुभवाचा अंश होता. पुढे याचे वर्तुळही पूर्ण झाले. ढाक्याचे आर्चबिशप लॉरेन्स ग्रेनर यांनी होली क्रॉस संघाचे फादर चार्ल्स यंग यांना अभ्यासासाठी अँटिगोनिशला पाठवले आणि परतल्यावर १९५५ साली त्यांनी ढाक्यात ख्रिस्ती सहकारी पतसंस्था सुरू केली.

रिझर्व माइन्सची घरे

१९३५ च्या सुमारास फादर टॉम्पकिन्स यांची बदली रिझर्व माइन्स या खाणगावात झाली. वय पासष्टीकडे झुकलेले. आल्याबरोबर त्यांनी धर्मगुरूनिवासाच्या दर्शनी खोलीत ग्रंथालय उघडले. कोळशाने काळे झालेले हात पुस्तके चाळू लागले. एका संध्याकाळी चर्चा घरांवर आली. कंपनीच्या पडक्या घरांचे भाडे जन्मभर भरायचे आणि अखेरीस हाती काहीच नाही, हे किती दिवस चालायचे?

जो लेबन हा खाणकामगार या गटाच्या अग्रभागी होता. खिळा ठोकण्यापूर्वी या लोकांनी घर या विषयाचाच अभ्यास केला : व्याज कसे मोजतात, जमिनीची मालकी कशी असते, पाया किती खोल हवा, लाकूड किती लागते. न्यूयॉर्कच्या सहकारी गृहसंस्थांचा अनुभव असलेल्या मेरी अर्नोल्ड त्यांच्या मदतीला आल्या. कुटुंबांनी पुठ्ठ्याच्या छोट्या प्रतिकृती करून आपापल्या घराचा आराखडा तपासला. प्रांताच्या गृहनिर्माण आयोगाने कर्ज दिले आणि सभासदांचे श्रम हाच त्यांचा भांडवलातील वाटा मानला गेला. पाळी संपवून खाणीतून वर आलेला माणूस संध्याकाळी घराच्या बांधकामावर जाई. १९३८ साली अकरा घरे उभी राहिली. रहिवाशांनी वसाहतीला नाव दिले टॉम्पकिन्सव्हिल.

१९३९ साली फादर कोडी यांचे 'आपल्या भाग्याचे स्वामी' अशा अर्थाचे पुस्तक न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाले आणि चळवळीचे नाव जगभर गेले. फादर टॉम्पकिन्स १९५३ साली आणि फादर कोडी २८ जुलै १९५९ रोजी प्रभुवासी झाले. त्याच वर्षी विद्यापीठाने कोडी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केली. आशिया-आफ्रिकेतून शेकडो कार्यकर्ते तेथे शिकून गेले. भारतातील धर्मगुरू, धर्मभगिनी आणि प्रापंचिकही त्यांत होते.

उतरती कळा

येथेच थांबलो तर ही कथा गोड होईल, पण इतिहास होणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अभ्यासमंडळांची संख्या ओसरू लागली. संस्था मोठ्या झाल्या. दुकानांना व्यवस्थापक आले, हिशेबाला कारकून आले, कर्जाला नियमावली आली. स्वयंपाकघरातला दिवा विझला आणि लोक सभासद न राहता गिऱ्हाईक झाले. समोरच्या खासगी दुकानात साखर दोन सेंटांनी स्वस्त मिळाली की ते तिकडे जाऊ लागले. त्यांच्या वडिलांनी दुकान का काढले होते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस 'युनायटेड मॅरिटाइम फिशरमेन' दिवाळखोरीत निघाली. १९९२ साली न्यूफाउंडलंडलगतच्या आणि १९९३ साली पूर्व नोव्हा स्कोशियालगतच्या समुद्रात कॉडच्या मासेमारीवर बंदी घालावी लागली, कारण मासाच उरला नव्हता. ज्या ट्रॉलरविरुद्ध १९२७ मध्ये कॅन्सोने आवाज उठवला होता, त्यांच्या वंशजांनी समुद्र रिकामा केला होता. २०१५ साली सहकारी दुकानांच्या 'को-ऑप अटलांटिक' या मध्यवर्ती संस्थेने आपला किराणा व्यवसाय एका खासगी साखळी कंपनीला विकला.

या पडझडीचे सारे खापर सभासदांच्या उदासीनतेवर फोडणे अन्यायाचे ठरेल. मोठ्या भांडवलाची स्पर्धा होती, सरकारी धोरणे होती, समुद्राचे दुर्दैव होते. पण आपत्ती आल्यावर संस्थेसाठी उभे राहणारे लोक का उरले नाहीत, या प्रश्नाचे उत्तर बंद पडलेल्या अभ्यासमंडळांतच शोधावे लागते. पतसंस्था मात्र त्या मुलखात आजही आहेत.

आपल्या अंगणात

आपण हा इतिहास परक्यांचा म्हणून वाचू नये. वसईत १९१८ साली, म्हणजे कॅन्सोच्या सभेच्या नऊ वर्षे आधी, मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथॉलिकांची सहकारी पतसंस्था सुरू झाली. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याला १९५० साल उजाडले. सहकाराचे बीज आपल्या मातीला नवे नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनीही सावकाराच्या दारात उभे राहण्याचा अपमान सोसला होता आणि चार आण्यांनी भाग घेताना त्यांच्या मनात काहीएक निश्चय होता. आपण त्यांच्याकडून ठेवपावत्या घेतल्या. तो निश्चय घेतला का?

फादर टॉम्पकिन्स यांनी धक्क्यावर उभे राहून लोकांना जे विचारले, तेच त्या कोळणीने सभेत विचारले होते. माझा पैसा कोठे गेला? फरक एवढाच की कॅन्सोमध्ये हा प्रश्न लोकांच्या तोंडी यावा म्हणून एका धर्मगुरूला काही वर्षे झिजावे लागले. आणि येथे तो आपणहून आला, तेव्हा व्यासपीठावर बसलेला धर्मगुरू हसला.

या पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्यावर मी तिच्या घरी गेलो. प्रथम माफी मागितली. "फादर, त्यात काय एवढं," असे म्हणून तिने चहा ठेवला आणि कपाटातून संस्थेचा अहवाल काढून माझ्यासमोर ठेवला. तो तिने जपून ठेवला होता. शेजारच्या दोघी आल्या, बारावीत शिकणारा नातू आला, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. आता आम्ही सात जण दर पंधरवड्याला तिच्या ओटीवर बसतो. नातू वाचतो, निवृत्त गृहस्थ समजावतात, बायका प्रश्न विचारतात. अनुत्पादित कर्ज म्हणजे काय हे मलाही तेथेच नीट समजले. पहिल्या तीन बैठकांत आम्ही ताळेबंदाच्या डाव्या बाजूपलीकडे गेलेलो नाही. पुढच्या वार्षिक सभेला अजून वेळ आहे.